फोटो एडिटिंग अ‍ॅपचा कागदी प्रोटोटाइप: पुठ्ठा, ओएचपी शीट आणि कंदिलाचा जिलेटिन पेपर

कोड लिहायच्या आधी स्क्रीन कागदावर बनवून लोकांना वापरायला द्यायच्या, याला कागदी प्रोटोटाइप म्हणतात. फोटो एडिटर असा कागदावर करून बघू म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, लॉगिनची स्क्रीन किंवा फॉर्म कागदावर कळतो हो, पण ब्राइटनेसचा स्लायडर कागदावर कसा सरकवणार? सरकवता येतो, खाली सांगतोच, पण त्याआधी हे पक्कं करून घ्या की स्लायडर किती मऊ सरकतो आणि फिल्टर किती भारी दिसतो हे कागदावर तपासायचं नसतंच. तपासायचं असतं ते वेगळं. माणसाला टूल सापडतंय का, ते दाबल्यावर काय होईल असं त्याला वाटलं होतं आणि झालं काय, आणि बिघडलं तर परत मागे येता येतंय का. माझ्या मते फोटो एडिटरमध्ये लोक अडकतात ते या शेवटच्या जागी, मूळ फोटो गेला की काय या भीतीने. म्हणून अर्धी मेहनत अनडू, रद्द आणि सेव्ह यांच्यावर जाऊ द्या, फिल्टरवर नको.

आधी फोटो निवडा, स्क्रीन नंतर

बहुतेक जण आधी आयकॉन काढत बसतात आणि फोटोच्या जागी मोठा चौकोन करून त्यात फुली मारतात. फोटो एडिटरला हे चालत नाही, कारण समोर खरा फोटो नसेल तर माणसाला काही सुधारावंसंच वाटत नाही आणि मग तो तुम्हाला खूश करायला बटणं दाबत बसतो. एकच फोटो घ्या पण त्यात भरपूर खोट असलेला घ्या. आमच्याकडे गोव्यात यासाठी दिवाळीच्या आदल्या रात्रीचा, नरकासुराच्या पुतळ्याचा फोटो बेस्ट. अंधार असतो, रस्त्यावरच्या लाइटने सगळं पिवळं झालेलं असतं, फोटो घाईत काढल्यामुळे तिरका असतो आणि कडेला कुणाची तरी अर्धी स्कूटर हमखास आलेली असते. म्हणजे उजेड, रंग, सरळ करणं आणि क्रॉप ही चारही कामं एकाच फोटोत मिळाली. तुमच्याकडे तो नसेल तर मिरामारचा संध्याकाळचा, समुद्राची रेघ वाकडी आलेला फोटोही चालेल, फक्त त्यात कापायला काहीतरी नकोसं हवं. उभाच घ्या, आडवा नको.

हा फोटो कंप्युटरवर घेऊन आधीच सगळ्या आवृत्त्या करून ठेवा. उजेडाच्या पाच (खूप कमी, कमी, आहे तशी, जास्त, खूप जास्त), एक ब्लॅक अँड व्हाइट, आणि स्कूटर कापून मोठी केलेली उजेडाच्या फक्त तीन पायऱ्यांची. क्रॉप केलेल्याच्याही पाच कराव्यात असा मोह होतो, नका करू, क्रॉप झाल्यावर उजेडाशी पुन्हा खेळणारे कमी असतात आणि प्रिंटचा ढीग सांभाळताना तुमचीच तारांबळ उडते.

प्रिंट स्टुडिओतून चार बाय सहा इंचात काढा, मॅट मागा, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि माणूस मान वाकडी करून बघत राहतो. आणखी एक, फोनचा फोटो बहुतेक वेळा 4:3 असतो आणि चार बाय सहाचा कागद 3:2, त्यामुळे नुसतं द्या म्हटलं की दुकानात कागद भरेल असा फोटो कापतात आणि पाच प्रिंट पाच ठिकाणी कापल्या गेल्या तर त्या एकमेकांवर बसत नाहीत. सगळे फोटो घरीच 3:2 मध्ये एकसारखे क्रॉप करून पेन ड्राइव्हवर न्या.

काय काय आणायचं

ए4 मापाचा जाड माउंट बोर्ड, काळं कार्डशीट, पांढरं कार्डशीट, थोड्या ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकच्या), कटर, स्टीलची पट्टी, दोन बाजूंनी चिकटणारा टेप, पोस्ट-इट, सीडीवर लिहायचा मार्कर, एक स्प्लिट पिन (भोकातून घालून मागे दोन पाय उघडायची), आणि जिलेटिन पेपर. हा जिलेटिन पेपर म्हणजे तोच, आपण आकाशकंदिलाला लावतो तो. पिवळा आणि निळा पुरे. ऐन दिवाळीत सगळीकडे मिळतो, एरवी म्हापशाच्या बाजारात नाहीतर जवळच्या स्टेशनरीवाल्याकडे विचारा, मागच्या वर्षीचा गुंडाळून ठेवलेला निघतो बहुतेक.

ओएचपी शीटवर काही छापून हवं असेल तर झेरॉक्सवाल्याला विचारूनच द्या, लेझर मशीनला चालणारी शीट वेगळी असते आणि साधं प्लास्टिक आत गेलं तर उष्णतेने वितळून मशीनला चिकटतं. मार्करने हाताने काढलेलंही चालतं आणि माझ्या मते ते जास्त बरं. फार सुबक दिसलं की लोक लाजतात, छान आहे म्हणतात आणि चुका सांगत नाहीत. पांढरा गोंद टाळा, त्यात पाणी असतं आणि पुठ्ठा वाकतो, पावसाळ्यात तर वाळतही नाही लवकर. टेपच वापरा. सुटे तुकडे लावून परत काढायचे असतील तर टेप आधी शर्टाच्या बाहीवर दोन-तीनदा दाबून घ्या, चिकटपणा कमी होतो आणि कागद फाटत नाही.

फ्रेम

खऱ्या फोनच्या मापाचं करू नका, लहान पडतं, हात आडवे येतात. दीडपट करा. साडेसहा इंची लांबट फोनची स्क्रीन साधारण 6.8 बाय 15 सेंटिमीटर असते, तिची दीडपट म्हणजे 10 बाय 22.5, आणि हे ए4 बोर्डवर आरामात बसतं. गंमत म्हणजे चार बाय सहाची प्रिंट 10.2 बाय 15.2 सेंटिमीटर असते, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीत ती बरोब्बर बसते. तर बोर्डवर 10 बाय 22.5 चा चौकोन आखा, वरून 2 सेंटिमीटर सोडा आणि तिथून खाली 10 बाय 15 ची खिडकी कटरने कापा. एका दमात कापू नका, हलक्या हाताने चार-पाचदा कटर फिरवा. खिडकीखाली साडेपाच सेंटिमीटर उरतात, त्यातले अडीच स्लायडरच्या पट्टीला आणि तीन टूलच्या पट्टीला.

बोर्डच्या मागे वरच्या आणि खालच्या कडेला पुठ्ठ्याच्या दोन जाड पट्ट्या चिकटवा, बोर्ड टेबलापासून जरा उचलला जातो आणि फोटो उजव्या बाजूने खालून सरकवता येतो. प्रत्येक प्रिंटच्या मागे उजवीकडे कार्डशीटची सातेक सेंटिमीटर लांब पट्टी बाहेर येईल अशी लावा आणि टोकाला नंबर टाका. बोर्डची कड साडेपाचची आहे त्यामुळे एवढी लांबी लागतेच, नाहीतर आत गेलेला फोटो काढायला बोर्ड उचलावा लागेल आणि सगळा खेळ उघडा पडेल.

दीडपटीचं भान आयकॉनलाही ठेवा. बोटाने नीट दाबता यावं म्हणून खऱ्या फोनवर बटण साधारण 9 मिलिमीटरचं हवं, म्हणजे तुमच्या कागदावर 13-14. दहा सेंटिमीटरच्या पट्टीत मधल्या जागा धरून अशी पाच बसतात, आणि तुमच्या यादीत समजा बारा टूल आहेत! इथेच पहिला खरा निर्णय होतो. टूलची एक लांब पट्टी करा, बोर्डला दोन्ही बाजूंना उभ्या चिरा मारून ती त्यातून ओवा म्हणजे आडवी सरकते, आणि सुरुवातीला सहावा आयकॉन अर्धवट दिसेल अशी ठेवा. पूर्ण पाचच दिसले तर लोकांना पुढे काही आहे हे कळत नाही.

खरी वस्तू बनवण्याआधी खोटी करून बघायची ही पद्धत जुनी आहे. पाम कंपनीच्या जेफ हॉकिन्सने 1996 साली आलेल्या पायलट (पुढे पामपायलट) या हातात मावणाऱ्या कंप्युटरच्या आधी लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरून बघितलं होतं की असली वस्तू आपण वापरू का. तुमच्याकडे निदान पुठ्ठा आहे.

टूल एकेक करून

क्रॉप सगळ्यात सोपं. काळ्या कार्डशीटचे इंग्रजी एल आकाराचे दोन तुकडे कापा, बाहू पाच सेंटिमीटर रुंद आणि सतराएक लांब, आणि ते समोरासमोर फोटोवर ठेवा. माणूस बोटाने कोपरा ओढतो तसे ते सरकतात. त्याने बरोबरची खूण दाबली की तुम्ही कापून मोठी केलेली प्रिंट आत सरकवा. त्याने भलतंच कापलं असेल तर काळे तुकडे तसेच राहू द्या, कुणी हरकत घेत नाही.

सरळ करण्यासाठी तोच फोटो पाच बाय सात इंचात काढा, मधोमध स्प्लिट पिनने एका कार्डला अडकवा आणि हे कार्ड खिडकीखाली ठेवा. एवढ्या मोठ्या प्रिंटला दोन्ही बाजूंना दहा अंशांपर्यंत फिरवलं तरी खिडकीत पांढरा कोपरा दिसत नाही. मुद्दाम एकदा चार बाय सहाचीच प्रिंट फिरवून दाखवा, कोपऱ्यात टेबल दिसायला लागतं, मग टीममध्ये आपोआप चर्चा सुरू होते की अ‍ॅपने फोटो स्वतःहून मोठा करून कोपरे झाकायचे की माणसाला कापायला सांगायचं. मी पहिल्याच्या बाजूचा. पण कडेला उभा असलेला मित्र त्यात कापला जातो हेही खरं.

आता स्लायडर. अडीच सेंटिमीटर रुंद पट्टीवर आडवी रेघ मारा आणि पट्टीभोवती कागदाची अंगठी करून घाला, झाला स्लायडरचा सरकणारा गोल. पट्टीच्या खालच्या कडेला, सहज दिसणार नाहीत अशा पेन्सिलीच्या पाच बारीक खुणा करा. बोट कुठल्या खुणेजवळ थांबलं ते बघून त्या नंबरची प्रिंट आत सरकवायची. बोट चालू असताना फोटो बदलायला जाऊ नका, थांबल्यावरच बदला. माणसं हे दोन मिनिटांत स्वीकारतात आणि स्वतःच थांबून बघायला लागतात.

उजेडासाठी पाच प्रिंटचा खटाटोप कशाला, बटर पेपर ठेवून चालणार नाही का असं वाटेल. नाही चालत. फोटोवर काहीही ठेवलं तरी तो एकतर काळवंडतो नाहीतर धुक्यासारखा पांढुरका होतो, अंधारात लपलेला नरकासुराचा चेहरा काही वर येत नाही. रंगाचं मात्र जमतं, पिवळा जिलेटिन टाकला की फोटो उबदार, निळा टाकला की थंड, आणि आपल्या पिवळ्या फोटोवर निळा ठेवला की लोकांना फरक लगेच कळतो. रंग काढून टाकणं जिलेटिनला जमत नाही, म्हणून ब्लॅक अँड व्हाइटची वेगळी प्रिंट. मजकूर आणि स्टिकरसाठी ओएचपी शीट, तिच्यावर मार्करने लिहा आणि सगळ्यात वर ठेवा.

एवढं केलं की टेबलावर थर तयार होतात. सगळ्यात खाली उजेडाची प्रिंट, तिच्यावर जिलेटिन, त्यावर क्रॉपचे काळे तुकडे, त्यावर ओएचपी. आणि इथे कागद स्क्रीनपेक्षा हुशार ठरतो असं मला वाटतं. समजा एकाने उजेड वाढवला, मग निळा फिल्टर लावला, मग नाव लिहिलं, आणि आता त्याला उजेड जास्त झालाय असं वाटतंय. अनडू दाबल्यावर काय करायचं? एकेक पाऊल मागे जाणारा अनडू असेल तर आधी नाव उचलायला हवं, मग जिलेटिन, आणि मग कुठे उजेडाची पाळी, म्हणजे नंतरची सगळी मेहनत गेली. पण तुमच्या हाताला तर दिसतंय की वरचं काही न हलवता खालची प्रिंट बदलता येते. लाइटरूम या फोटो एडिटरमध्ये कुठलाही स्लायडर कधीही परत फिरवता येतो, स्नॅपसीडमध्ये केलेल्या बदलांची यादी उघडून मधलाच बदल सुधारता येतो. तुमचं अ‍ॅप कसं वागणार? कोड लिहायच्या आधी हे ठरलं पाहिजे, कारण आतली सगळी रचना त्यावर उभी राहते, मागाहून बदलायला महिने जातात. दोन्ही प्रकार टेबलावर खेळून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. एकेक पाऊल वाल्यात उचललेले तुकडे उजवीकडे रचून ठेवा, रीडू दाबलं की तिथूनच परत आणता येतात.

आधीचा-नंतरचा फोटो बघायचं बटणही ठेवा. बोट दाबून धरलंय तोवर मूळ प्रिंट, सोडलं की बदललेला. कागदावर हे करताना तुमची धावपळ होते, तरी करा.

परवानगी आणि सेव्ह

हे दोन तुकडे सगळे विसरतात. अ‍ॅप उघडल्यावर फोन विचारतो की सगळे फोटो द्यायचे की निवडक, आयओएस 14 पासून आयफोनवर आणि अँड्रॉइड 14 पासून बाकी फोनवर. माणसाने निवडक म्हटलं तर तुमच्या गॅलरीच्या स्क्रीनवर एकदोनच फोटो दिसणार, त्या स्क्रीनचं कार्ड तयार हवं. माणूस नको म्हणाला तर काय दाखवणार त्याचंही.

सेव्हसाठी दोन वेगवेगळी कार्डं करा. एकात सेव्ह दाबलं की गुपचूप नवीन कॉपी होते, दुसऱ्यात विचारतं, मूळ फोटो बदलायचा की कॉपी ठेवायची. आणि सेव्ह न करता मागे जाणाऱ्यासाठी बदल सोडून द्यायचे का असं विचारणारं कार्ड. पोस्ट-इटवर लिहिलं तरी चालतं.

लोकांसमोर बसवताना

तिघं लागतात. एक बोलणारा, एक लिहिणारा आणि एक कंप्युटर, म्हणजे कागद सरकवणारा. कंप्युटरने नाटकातल्या प्रॉम्प्टरसारखं असावं, काम सगळं त्याच्यावर पण असल्याची चाहूल लागता कामा नये. तो हसत नाही, मान हलवत नाही, तिथे नाही काकी इकडे दाबा असं तर मुळीच म्हणत नाही. जोडणीच नसलेल्या जागी बोट पडलं तर काहीच करायचं नाही, खरं अ‍ॅपही तेच करेल. आदल्या दिवशी घरातल्या कुणालातरी बसवून एकदा तालीम करा, कुठला तुकडा कुठे ठेवलाय हे हाताला माहीत झालं पाहिजे.

काम सांगताना बटणावरचा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. फोटो क्रॉप करा म्हटलं की माणूस क्रॉपचा आयकॉन शोधतो, त्यातून तुम्हाला काही कळत नाही. असं सांगा, हा फोटो तुम्हाला फॅमिली ग्रुपवर टाकायचाय, पण ती स्कूटर नको आणि नरकासुराचं तोंड दिसत नाहीये. बस्स. पुढचं त्यांच्यावर, आणि डोक्यात येईल ते मोठ्याने बोलत राहा म्हणावं. बोलताना लोक कोकणीवर येतात, येऊ द्या, लिहिणाऱ्याने जसंच्या तसं लिहावं.

शेजारच्या काकी बसल्यात असं धरा. त्या टूलच्या पट्टीकडे बघतही नाहीत, थेट स्कूटरवर बोट ठेवून दाबून धरतात. काही होत नाही. मग दोन बोटांनी फोटो मोठा करतात, इतका की स्कूटर कडेच्या बाहेर जाते, आणि म्हणतात झालं. त्यांच्या दृष्टीने क्रॉप झालेलं आहे! आता मागे जायचा बाण दाबतात, फोटो पुन्हा पहिल्यासारखा, आणि लगेच, "अरे, म्हजो फोटो खंय गेलो?" इथे बोलणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, तुम्हाला काय वाटतं कुठे गेला असेल, एवढंच विचारायचं. या दीड मिनिटात दोन गोष्टी हातात येतात. झूम आणि क्रॉप यांची गल्लत होतेय, आणि मागे जायच्या बाणाला लोक सेव्ह समजतायत. दुसरी जास्त गंभीर.

किती लोक लागतात? वस्तू वापरायला किती सोपी याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसनने 2000 सालच्या लेखात मांडलेलं गणित सगळीकडे सांगतात, पाच जणांत जवळपास 85 टक्के अडचणी सापडतात. पण त्यात एक अडचण एका माणसाला दिसण्याची शक्यता सरासरी 31 टक्के धरलेली आहे आणि पाचही जण एकाच प्रकारचे वापरणारे आहेत असं गृहीत आहे. काकी, होमस्टेचे फोटो टाकणारा आणि लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओवाला यांची मोट बांधून पाच झाले म्हणू नका. स्टुडिओवाला पहिल्याच मिनिटाला कर्व्ह्ज (उजेड-रंग बारकाईने बदलायचं टूल) कुठे विचारेल. अ‍ॅप कोणासाठी आहे ते ठरवा आणि त्यांतलेच पाच घ्या.

बसण्याची जागा बघून घ्या. पंखा बंद करावा लागतो, जिलेटिन तर एका झुळकीत उडतो, आणि मे महिन्यात दुपारी बंद खोलीत कुणी पाऊण तास बसणार नाही, तेव्हा सकाळची वेळ धरा. व्हिडिओ काढणार असाल तर विचारून काढा, कॅमेरा वरून फक्त हात आणि कागद दिसतील असा लावा. चेहरा लागत नाही, आवाज मात्र लागतो.

दोन माणसांच्या मध्ये बदल करायला घाबरू नका. तिघांपैकी दोघांना एखादा आयकॉन कळला नाही तर चौथ्याच्या आधी त्याच्याखाली नाव लिहून टाका. पण नक्की काय बदललं आणि कोणाच्या आधी, हे वहीत लिहा, नाहीतर संध्याकाळी नोंदी वाचताना काही मेळ लागत नाही. बदलण्याआधी जुन्या पट्टीचा फोनवर फोटो काढून ठेवा.

पावसाळ्यात हे सगळं ठेवायचं कसं हा आपल्याकडचा खास प्रश्न. जून ते सप्टेंबर प्रिंट कडेने गोल होतात आणि गोल झालेली प्रिंट खिडकीखाली अडकते. झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि प्रिंटवर जड पुस्तक ठेवा. स्लायडर आणि टूलच्या पट्ट्या लॅमिनेट केल्या तरी चालतात, प्रिंट नको, परत चमक येते.

फिग्मात, म्हणजे कंप्युटरवर स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कधी जायचं? सलग दोन-तीन माणसं मूळ फोटो कुठे आहे हे न विचारता सेव्हपर्यंत पोचली की. तोवर पुठ्ठाच कापा, कापायला पाच मिनिटं लागतात. फिग्मात जाताना थरांचा क्रम आणि सेव्हचं कार्ड तेवढं जसंच्या तसं उचला, आयकॉन आणि रंग नव्याने करा.